अढीतल्या बाटल्या

आत्यांना डोळा एकच होता. उजवा तरुणपणीच गेला. भात झोडताना लोंबी घुसली, कुणी लक्ष दिलं नाही, आणि तो पांढरा होऊन बसला. राहिला डावा. त्यावर मोतीबिंदू चढायला लागला तेव्हापासून मी त्यांच्याशी भांडत होते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

"ऑपरेशन करून घ्या आत्या."

"नाय करायचं."

"मग आपटा भिंतीवर."

"आपटीन. माझी भित हाय."

असं आमचं रोज चालायचं. मी तोंडाची फाटकी, आणि त्याही काही कमी नव्हत्या. शेवटी एका सकाळी त्यांनी सगळ्या घराच्या चहात साखर म्हणून मीठ घातलं, आणि स्वतःच कप खाली ठेवून म्हणाल्या, "चल बाय, कुटं ते पनवेलला."

ऑपरेशन झकास झालं. दोन दिवसांनी घरी आल्या तर अंगणात उभ्या राहून समोरच्या डोंगराकडे बघतच बसल्या. मला हाक मारून म्हणाल्या, "आगं, तिकडं त्या कातळावर शेळ्या हायेत. पाच हायेत." मी गेले, बघितलं. खरंच पाच होत्या. मला असं भरून आलं की मी तशीच परत चुलीकडे गेले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, धुळीत जायचं नाही. ते पाठ करून मी घरात पोलिसासारखी फिरत होते. कधी झाडू उचलला की ओरड, विस्तव फुंकायला गेल्या की ओरड. आणि मुख्य म्हणजे अढीत जायचं नाही.

घराच्या मागे गोठ्याला लागून आमची एक अंधारी खोली आहे. मे महिन्यात तिथे पेंढा अंथरायचा, त्यावर रायवळ आंबे मांडायचे आणि वरून परत पेंढा. ती आमची अढी. आत इतकी ऊब धरते की हात घातला तर अंड्यावर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखा वाटतो. त्या उबेनं आंबा पिकतो. ही खोली आत्यांची. रोज जाऊन त्या पेंढ्यात हात घालायच्या, पिकलेला तेवढा बाहेर काढायच्या, आणि लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी मला तिथल्या एका आंब्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्या वर्षी डॉक्टरांच्या कृपेनं अढी माझ्याकडे आली. आता महिनाभर माझ्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकणार नाही, असं मी धरून चालले.

मी आमच्या कशेळ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर शनिवार-रविवार स्वयंपाकाला जाते, आणि रोज तिथे भाजीही पोचवते. तिथे उतरलेल्या मुंबईच्या एका पाहुण्या बाईंनी मला करवंदाचं फेसाळ पेय करायला शिकवलं. करवंदं, साखर, पाणी बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं. चार दिवसांत बुडबुडे यायला लागतात. मग गाळून बाटलीत भरायचं, वर चमचाभर साखर टाकायची, झाकण लावायचं, दोन दिवस बाहेर आणि मग फ्रिजमध्ये. "एक बाटली प्लास्टिकची भरा," त्या बाई म्हणाल्या होत्या. "ती दाबून बघत जा. कडक लागली की सगळ्या लगेच फ्रिजमध्ये टाका." मी हो हो केलं. मनात म्हटलं, प्लास्टिकच्या बाटलीतून कोण देतं पाहुण्यांना? काचेतून करवंदाचा रंग कसा दिसतो! फार्महाऊसवर रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडलेला असायचा, वाइनच्या, ज्यूसच्या, फिरकीच्या झाकणांच्या. त्या मी घासून पुसून घरी आणल्या.

पहिला घाणा बसला. बसला म्हणजे फेसच नाही, नुसतं आंबट पाणी. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "ही दारू हाय का सरबत? धड दोनी नाय." मग वास घेऊन त्यांचा चेहराच बदलला. हे खोपोलीच्या एका कारखान्यात आहेत, सरळ माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. म्हणाले, "घरात हे आंबवायचं नाय. उद्या गावात म्हनतील, ह्याची बायको दारू पाडते. पुन्ना दिसलं तर गटारात ओतीन." खरं सांगते, गटाराचं मला काही वाटलं नाही. "धड दोनी नाय" हे मात्र झोंबलं.

त्यात फार्महाऊसच्या मालकीणबाईंनी सांगितलं, शनिवारी पार्टी आहे, बावीस बाटल्या आणा, पण फेस यायला हवा हं. झालं. माझ्या डोक्यानं विचार केला तो असा. फेस आला नाही म्हणजे माल कच्चा राहिला. कच्चं कुठे पिकवतात? अढीत.

आज हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. पण तेव्हा ते इतकं बरोबर वाटलं होतं! मी साखर दुप्पट घातली. कर्जतच्या बेकरीतून यीस्ट आणून त्याची चिमूट टाकली. झाकणं फडकं धरून पिरगळली, हाताला वळ उठेपर्यंत. आणि बावीसच्या बावीस बाटल्या अढीत, मागच्या भिंतीकडे, आंब्यांच्या खाली, पेंढ्यात आडव्या निजवल्या. फ्रिजमध्ये फार तर चार मावल्या असत्या, आणि फ्रिज ह्यांच्या नजरेसमोर. पेंढ्यात कुणाला दिसणार होत्या? पाच दिवस ठेवल्या. प्लास्टिकची बाटली असती तर दगडासारखी कडक होऊन तिनं मला सांगितलं असतं. काच काही सांगत नाही, ती सरळ फुटते.

गुरुवारची दुपार होती. हे कामावर. आत्या पडवीत खाटेवर पडल्या होत्या, मी पुढच्या नळावर भांडी घासत होते. मागून फाट् असा आवाज आला. मला वाटलं गोठ्याच्या पत्र्यावर नारळ पडला. मी म्हटलं पडू दे, मग बघू. कढई घासायची राहिली होती, ती घासली. तवा घासला. पाचएक मिनिटं गेली असतील, आणि परत फाट्. ह्या वेळी आवाजापाठोपाठ काच सांडल्याचं ऐकू आलं.

मी धावले. पडवीतून धावताना खाट बघितली, खाट रिकामी. "आत्या!" मी हाक मारली. मागे आले तर अढीच्या उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला, एकीशेजारी एक, नीट काढून ठेवलेल्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर आत तिसरी फुटली.

अंधारात आधी काही दिसेना. वास मात्र असा आंबट आणि उग्र, की घसा धरला. मग दिसल्या. आत्या पेंढ्यात फतकल मारून बसल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, अंधारात त्यातून काही दिसत नव्हतं म्हणून. एक हात डाव्या डोळ्यावर गच्च. बोटांमधून लाल ओघळत होतं, आणि मला कळेना की ते करवंद आहे की रक्त.

"आत येऊ नको!" त्या ओरडल्या. "आजून हायेत गं! भायेर हो तू!"

मी त्यांना एकटं सोडून बाहेर होणार होते का? दोरीवरची गोधडी ओढली, डोक्यावरून घेतली आणि आत शिरले. प्रत्येक बाटली मीच तिथे ठेवली होती आणि आता कुठली कुठे आहे ते मलाच आठवत नव्हतं. पाय टाकायचा तरी कुठे? गोधडीत त्यांना गुंडाळलं, काखेत हात घालून ओढलं. त्या वजनानं चिमणीएवढ्या, पण पेंढ्यात पाय रुतत होते. दाराशी आलो तेव्हा पाठीमागे आणखी एक फुटली आणि काच गोधडीवर सडसड आदळली. मी देवाला मोठ्यानं म्हणत होते, माझे दोन्ही घे, माझे दोन्ही घे, पण हा राहू दे.

रस्त्यावर येऊन उभी राहिले तर कशेळ्याकडून एक जीप आली, खच्चून भरलेली. दोघं उतरली आणि आम्हाला जागा दिली. मी ह्यांना फोन लावला, "आत्यांच्या डोळ्याला लागलंय, कर्जतला या," एवढंच बोलले. आत्यांच्या डोळ्यावर माझा पदर धरलेला. जीप खड्ड्यात आदळली की त्या दातांवर दात आवळायच्या.

जरा पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "कुनी इचारलं तर पेंड्याची काडी गेली म्हन."

"आत्या, काच आहे ती."

"मला ठावं हाय. चार दिस झालं, मी रोज जाते तितं."

मी फार्महाऊसवर भाजी पोचवायला जायचे तेवढ्यात ह्या अढीत जाऊन आंबे बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी हाताला बाटली लागली होती. "ताडीला कुनी आसं बूच मारतं व्हय गं? माझा बाप ताडी काढायचा, मडक्याच्या तोंडाला पाला लावायचा नुसता. मी रोज येकेक झाकान सैल करीत व्हते. खालच्या काय गावल्या नायत. आज फुटली ती ऐकली, म्हनलं तू येशील. तू काय आली नायस. मग गेले, म्हनलं राहिल्याल्या बाटल्या तरी वाचवू."

"मला सांगायचं होतंत!"

"तू लपवल्यालं. मग मी कशी इचारू?"

मला रडूसुद्धा येईना. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं हो आजीला? आत्याच म्हणाल्या, "काडी गेली, बाय. पेंड्याची." एवढ्या वेदनेत आवाज अगदी सरळ.

कर्जतला डॉक्टरकडे पोचलो तेव्हा हे मोटारसायकलवरून येऊन दारात उभे होते. अंगावर कारखान्याचाच शर्ट. डॉक्टरांनी विचारलं, आत्यांनी काडी सांगितली. त्यांनी डोळा धुतला, टॉर्च मारून बघितलं. रक्त पापणीला चिरलं होतं त्याचं निघालं. म्हणाले, काडी दिसत नाही, निघून गेली असेल. थेंब देतो, पट्टी लावतो, पण ऑपरेशन ताजं आहे, उद्या सकाळी पनवेलला दाखवा. त्यांचा काय दोष? माणूस काडी सांगतोय तर ते काडीच शोधणार. स्वच्छ काच डोळ्यात सहज दिसत नाही, हे मला नंतर कळलं.

मी तिथेच उभी होते. हात लावता येईल एवढ्या अंतरावर. बोलायचं होतं एकच वाक्य. पण हे आईला रागावत होते, "तुला सांगितलेलं ना आये, धुळीत जाऊ नको? ही बिचारी रोज घसा फोडून सांगती," आणि 'ही बिचारी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटली. आत्यांनी खालून माझ्या हाताला चिमटा काढला. गप्प राहा म्हणून. आणि मी गप्प राहिले. दिवसभर जिच्या तोंडाला कुलूप नाही ती मी, नेमकी तेव्हा गप्प राहिले.

घरी जायला ह्यांनी रिक्षा केली. आम्ही दोघी मागे, हे मोटारसायकलवरून पुढे. कर्जत मागे पडलं. नदीचा पूल ओलांडून पुढे आलो आणि आत्या पट्टीवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "टोचतंय गं आत. कायतरी हाय." मग लगेच, "जाऊ दे. उद्या बगू."

"थांबवा!" मी अशी किंचाळले की रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला. हे मागे वळून आले. भर रस्त्यात, उन्हात, मी ह्यांना सगळं सांगितलं. काडी नाही, काच आहे, माझ्या बाटलीची काच. अढीत बावीस बाटल्या मी ठेवल्या. आत्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. आत्या रिक्षातून "ऐकू नको रं तिचं, घाबरलीय ती" म्हणत होत्या. मला वाटलं हे हात उगारतील. उगारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कवा फुटली?"

"दोन वाजता."

त्यांनी घड्याळ बघितलं. पाच वाजत आले होते. मोटारसायकल तिथेच एका टपरीवाल्याकडे लावली, रिक्षात पुढे बसले आणि म्हणाले, "चल पनवेल."

रिक्षा चौकमार्गे पनवेलला निघाली. आत्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, रिक्षा हलली की मी दोन्ही हातांनी ते धरून ठेवत होते. खालापूरची एकेक वीटभट्टी, एकेक धाबा मागे जात होता आणि मी मनात मिनिटं मोजत होते. कर्जतलाच बोलले असते तर आता कुठे असतो? चौकला असतो. आता पनवेलात शिरलो असतो. आता टेबलावर घेतलं असतं. चौकच्या पुढे ह्यांनी मागे न बघता विचारलं, "आजून किती हायेत तितं?"

"सतरा-अठरा असतील."

"दार लावलंस?"

"नाही."

त्यांनी शेजारच्या घरी फोन करून सांगितलं, आमच्या मागच्या खोलीकडे कुणाला जाऊ देऊ नका, गुरं सोडून लांब बांधा. का म्हणून सांगितलं नाही.

पनवेलच्या डॉक्टर बाईंना मात्र मी आधीच सगळं सांगितलं, बाटली, काच, साखर, यीस्ट, वेळ, सगळं. त्यांनी फोटो काढायला लावला. काच होती. भाताच्या दाण्याएवढी, आत. नव्या ऑपरेशनची जखमही उघडली होती. त्यांनी आत नेताना एवढंच म्हटलं, "लवकर आणायला हवं होतं." किती लवकर, हे मी त्यांना विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर तपासणीला कितीदा गेलो तेव्हाही नाही. तीन तास आधी की अर्धा तास आधी? अर्धा तास म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी पहाटेच हे गावी गेले. कारखान्यातलं हेल्मेट, तोंडावरची जाळी, कातडी हातमोजे घालून खोलीत शिरले. आधी सगळ्या पेंढ्यावर लांबून पाणी मारलं, तो गार होऊ दिला, मग ओलं पोतं टाकून एकेक बाटली बाहेर काढली आणि पोत्याखालीच झाकण सैल केलं. एक बाटली त्यातही फुटली, पोत्यातच. नंतर म्हणाले, झाकण फिरवलं की फेस असा उसळत होता की निम्मी बाटली रिकामी. फेस हवा होता ना मला. तो आला होता.

दुपारपर्यंत ते परत आले, शर्टाला करवंदाचे डाग तसेच. डॉक्टर बाई पट्टी काढायला आल्या होत्या. आत्या पलंगावर बसलेल्या, पाठीला उशी. दोन खिडक्या सताड उघड्या, वर पंखा घरघरत होता, ऊन त्यांच्या मांडीवर पडलेलं. डॉक्टर बाईंनी पट्टी सोडवली, कापसाचा बोळा काढला, पापणी पुसली. "आजी, उघडा हळूच."

आत्यांनी उघडला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डॉक्टर बाईंनी टॉर्च लावला, जवळ नेला, लांब नेला, आणि मग विझवून खिशात ठेवला. माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. हे दारात होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काळोख का क्येलाय गं?" आत्यांनी मला विचारलं.

मी ठरवलं होतं, आता ह्यापुढे खोटं बोलायचं नाही. पण त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला, आणि माझ्याच्यानं झालं नाही. "खिडक्या बंद आहेत आत्या," मी म्हटलं. "आणि लाईट गेलीय."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस तोंडावर येत होते. त्यांनी ते एका हातानं मागे सारले, परत आले, परत सारले. मग माझा हात शोधून धरला आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून विचारलं, "मंग पंखा कसा फिरतोय गं?"